चित्रावांचून चित्रपटाचें संगीत : एक श्रवणपाठ

एखादी वस्तु ज्या कामासाठीं घडविली, त्या कामापासून ती वेगळी काढली तर तिची किंमत कमी होते कीं तशीच राहते, हा प्रश्न दिसावयास साधा आहे. पण उत्तर देऊं लागलें म्हणजे त्याची अडचण कळते. नांगराचा फाळ दिवाणखान्यांत टांगला तर त्याचें महत्त्व काय राहील? उलटपक्षीं, पैठणीचें लुगडें जीर्ण झालें तरी तिचा पदर लोक चौकटींत बसवून जपून ठेवितात. चित्रपटासाठीं रचलेलें वाद्यसंगीत फाळाच्या जातीचें कीं पदराच्या, हें कसें ओळखावें? या प्रश्नाचा विचार आम्हीं गेल्या पावसाळ्यांत वरच्या वर्गांतील मुलामुलींसह चार शनिवार केला. त्यांतून जें हातीं लागलें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कृति आणि कर्ता

अमेरिकेच्या पश्चिमेकडील उघडीं माळरानें, गुराखी, घोडे, आगगाडी आणि पिस्तुलें यांच्या कथांवर जे चित्रपट निघाले, त्यांस ‘वेस्टर्न’ असें म्हणतात. आम्हीं निवडलेला ‘अ‍ॅन अमेरिकन टेल : फीव्हल गोज वेस्ट’ हा १९९१ सालचा पट याच जातीचा, मात्र तो हातानें काढलेल्या चित्रांचा असून त्यांतील पात्रें उंदीर व मांजरें आहेत. फिल निबेलिंक व सायमन वेल्स यांनीं तो दिग्दर्शित केला व लंडन येथील ‘अ‍ॅम्ब्लिमेशन’ या चित्रशाळेंत तो तयार झाला. फीव्हल हा रशियांतून न्यूयॉर्कला आलेल्या एका गरीब ज्यू कुटुंबांतील उंदराचा पोर. पश्चिमेस मांजरें व उंदीर गुण्यागोविंदानें नांदतात, अशी एका लबाड मांजराची थाप ऐकून हें कुटुंब आगगाडीनें तिकडे निघतें. फीव्हलला खरें कपट कळतें, पण तो गाडीबाहेर फेंकला जातो. आणि वाळवंट तुडवीत, एका म्हाताऱ्या शिकारी कुत्र्याचें साहाय्य घेऊन, तो अखेर आपल्या माणसांचें रक्षण करितो. त्या म्हाताऱ्या कुत्र्यास आवाज जेम्स स्ट्यूअर्ट या विख्यात नटानें दिला असून, चित्रपटांतील ती त्याची अखेरची भूमिका होय.

संगीत जेम्स हॉर्नर यांचें. त्यांचा जन्म १९५३ सालीं लॉस एंजेलिस येथें झाला. वडील हॅरी हॉर्नर बोहेमियांतून येऊन चित्रपटांचे नेपथ्यकार म्हणून नांवाजले होते. मुलाचें संगीतशिक्षण लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्यें व पुढें कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांत झालें. १९९७ सालच्या ‘टायटॅनिक’मुळें त्यांचें नांव जगभर झालें, व २०१५ सालीं विमान-अपघातांत त्यांचा अंत झाला. फीव्हलच्या १९८६ सालच्या पहिल्या पटाचें संगीतही त्यांचेंच होतें. दुसऱ्या पटासाठीं त्यांनीं विल जेनिंग्ज यांच्यासह ‘ड्रीम्स टु ड्रीम’ हें गीत रचिलें. संगीताची जी वेगळी तबकडी निघाली, तिच्यांत पाऊण तासाहून अधिक वेळाचें संगीत आहे. आम्हीं ऐकलें तें हेंच.

पहिला शनिवार : नांव न सांगतां

पहिल्या दिवशीं आम्हीं मुलांस कांहींच सांगितलें नाहीं. दिवाणखान्याच्या खिडक्या लावून घेतल्या, पावसाचा आवाज थोडा कमी केला, आणि चार तुकडे एकामागून एक ऐकविले. अट एवढीच कीं, ऐकतांना मनांत जें येईल तें एका ओळींत लिहावें.

पश्चिमेच्या प्रवासाचा ‘हेडिन आउट वेस्ट’ हा तुकडा ऐकून कोणीं ‘घोड्यांची शर्यत’ लिहिलें, कोणीं ‘आगगाडी’, तर कोंकणांतून आलेल्या एका मुलीनें ‘भरतीच्या वेळीं होडी लोटतात तसें’ असें लिहिलें. ‘ग्रीन रिव्हर’ या तुकड्यास बहुतेकांनीं ‘मोठें मैदान’, ‘पहाट’, ‘घरापासून दूर’ असे शब्द दिले. परंतु ‘कॅट रंबल’ हा तुकडा लागतांच चुळबूळ सुरू झाली. वहींत ‘गोंगाट’, ‘कोणीतरी जिन्यावरून पडलें’, ‘काय चाललें आहे तें कळत नाहीं’ असे शेरे उमटले.

दुसऱ्या शनिवारीं आम्हीं चित्रपट दाखविला. मांजरें न्यूयॉर्कच्या उंदीरवस्तीवर तुटून पडतात, त्या प्रसंगाचें तें संगीत होतें. गेल्या आठवड्यांत कंटाळलेलीं तींच मुलें आतां श्वास रोखून बसलीं होतीं. चित्र संपल्यावर आम्हीं विचारलें, “संगीत कसें वाटलें?” एकमुखानें उत्तर आलें, “फारच छान, सर!” मग त्यांच्याच वह्या त्यांच्यापुढें ठेविल्या. तेव्हां मुलांच्या चेहऱ्यांवर जो गोंधळ दिसला, तोच आमच्या पाठाचा खरा आरंभ होता. संगीत तर बदललें नव्हतें. मग बदललें काय?

चित्रपटाचें संगीत कसें तयार होतें

याचें उत्तर कारागिरींत आहे. चित्रपट एका सेकंदास चोवीस चित्रें या गतीनें पुढें सरकतो, आणि संगीतकारास प्रत्येक प्रसंग किती सेकंदांचा आहे, पात्र कोणत्या क्षणीं उडी मारतें, दार कोणत्या क्षणीं आपटतें, याचें टिपण देण्यांत येतें. त्या टिपणावर त्यास आपले सूर बसवावे लागतात. वादन चालूं असतां वाजविणारांच्या कानांत पुष्कळदां ठरलेल्या गतीची टिकटिक सोडलेली असते, म्हणजे चित्र व सूर यांची चुकामूक होत नाहीं.

चित्रांच्या पटांत ही तारेवरची कसरत अधिकच कठीण. मांजर पाय घसरून पडलें कीं बासरी घसरते, उंदीर चोरपावलांनीं चालला कीं व्हायोलिनच्या तारा बोटानें टिचकविल्या जातात, टोला बसला कीं ढोल. वॉल्ट डिस्ने यांच्या प्रसिद्ध उंदराच्या नांवावरून या पद्धतीस ‘मिकी-माउसिंग’ असेंच नांव पडलें. पडद्यावर ही युक्ति अत्यंत परिणामकारक होते, कारण डोळे कानांस अर्थ सांगत असतात. पण चित्र काढून घेतलें कीं उड्याच उरतात, उडी मारणारा नाहींसा होतो. ‘कॅट रंबल’ ऐकतांना मुलांस जिन्यावरून कोणी पडल्यासारखें वाटलें, तें यामुळेंच. त्यांच्या कानांची ती चूक नव्हती.

चार कसोट्या

यावरून आम्हीं मुलांच्या साहाय्यानें चार कसोट्या ठरविल्या.

पहिली कसोटी सुराची. तुकडा संपल्यावर मनांत कांहीं गुणगुणतां येतें काय? हॉर्नर येथें सहज उतरतात. ‘ड्रीम्स टु ड्रीम’ची चाल तबकडींत गीत म्हणून दोनदां येते, एकदां फीव्हलच्या बहिणीच्या, टान्याच्या, रूपांत व एकदां लिंडा रॉनस्टॅट यांच्या आवाजांत, आणि वाद्यांच्या तोंडींही ती पुन्हा पुन्हा भेटते. तिसऱ्या शनिवारीं मुलें ती चाल शिटींतून घालीत वर्गांत शिरलीं. परीक्षकानें आणखी काय मागावें?

दुसरी कसोटी वाढीची. सूर नुसता परत येतो, कीं परततांना बदलून येतो? प्रवासाहून आलेला मनुष्य जसा तोच असून तोच नसतो, तसें चांगल्या रचनेंतील सुराचें होतें. पहिल्या पटांतील जुने सूर या पटांत मधून मधून डोकावतात. त्यांच्या शेजारीं पश्चिमेचे नवे, मोठे सूर उभे राहतात. ज्यानें चित्र पाहिलें नाहीं त्यासही कळतें कीं, येथें दोन जगें आहेत, एक मागें सोडलेलें व एक पुढें दिसणारें.

तिसरी कसोटी सांध्यांची. एका भावांतून दुसऱ्या भावांत जातांना वाट आहे, कीं नुसती उडी आहे? येथेंच चित्रपटसंगीत बहुधा पांगळें पडतें, कारण ती वाट चित्रांत असते, सुरांत नसते.

चौथी कसोटी रंगाची. वाद्यवृंदांत शेंकडा लोक एकत्र वाजवूं शकतात. पण सर्वांनीं सदा वाजविणें म्हणजे रंगपेटींतील सर्व रंग एकत्र कालविणें होय. ‘ग्रीन रिव्हर’मध्यें मोकळी जागा आहे, आणि म्हणून विस्तार भासतो. ही मोकळीक कशानें येते, हें आमच्या मुलांस समजावयास तंबोरा पुरेसा झाला. षड्ज व पंचम या दोन सुरांत जें अंतर आहे, त्यांतील कंपनांचें प्रमाण २ : ३ असें आहे. मधला गंधार न वाजवितां हे दोनच सूर दूर दूर ठेवून वाजविले, तर कानास एक रिकामें, उघडें अवकाश भासतें. पश्चिमेच्या माळरानाचें संगीत रचणारांनीं या मोकळ्या अंतरांचा मोठा उपयोग केला. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानास ती जागा परकी वाटत नाहीं.

उसनवारीचा प्रश्न

आतां या पाठांतील सर्वांत अवघड भाग. तिसऱ्या शनिवारीं आम्हीं आरन कोपलंड यांच्या ‘रोडिओ’ या १९४२ सालच्या नृत्यनाट्यांतील ‘हो-डाउन’ हा भाग ऐकविला, व लागलीच हॉर्नरचा ‘हेडिन आउट वेस्ट’ लाविला. दोन मिनिटें होतात न होतात तोंच हात वर झाले. “सर, हें तर तसेंच आहे!” फिडलसारखें धांवतें व्हायोलिन, अडखळून पुढें उडी घेणारा ताल, पितळी वाद्यांचा तोच उत्साह. मुलें बरोबर बोलत होतीं. हॉर्नर यांच्यावर हा आक्षेप जाणत्या टीकाकारांनींही घेतला आहे. दुसऱ्यांचे सूर जवळ करणें व आपलेच जुने सूर पटामागून पटांत फिरविणें, असे दोन दोष त्यांच्या नांवावर मांडले जातात.

तेवढ्यांत मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला. जून महिन्यांत ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ हा निबंध त्यानें एका मार्गदर्शकांतून उतरून आणिला होता व आम्हीं त्यावर तांबड्या शाईनें शून्य दिलें होतें. तो शांतपणें म्हणाला, “सर, यांनीं दुसऱ्याचें घेतलें तर तुम्ही त्यांस मोठे संगीतकार म्हणतां. मीं घेतलें तर मला शून्य. असें कां?”

वर्ग एकदम स्तब्ध झाला. आम्ही क्षणभर निरुत्तर झालों, हें येथें कबूल करणें बरें. प्रश्न उद्धट नव्हता. तो न्यायाचा होता. आम्हीं एक आठवड्याची मुदत मागितली, व घरीं जाऊन तो निबंध पुन्हा काढून वाचला.

चौथ्या शनिवारीं आम्हीं जें सांगितलें तें असें. उसनवारी तीन प्रकारची आहे. पहिली भाषेची. मराठी आपण कोणीं निर्माण केली नाहीं, तरी ती वापरणें ही चोरी नव्हे. माळरानाचें जें संगीत आज आपण ओळखतों, ती आतां अशीच एक भाषा झाली आहे. गंमत अशी कीं, तिचा मोठा घडविता कोपलंड हा माळरानांतला नव्हेच; १९०० सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत, रशियाच्या साम्राज्यांतून आलेल्या ज्यू कुटुंबांत तो जन्मला. न्यूयॉर्कहून पश्चिमेस निघालेल्या फीव्हलच्या गोष्टीस त्याची भाषा शोभावी, हें योग्यच झालें.

दुसरी उसनवारी चालीची. ‘हो-डाउन’चा मुख्य सूर कोपलंडचा स्वतःचा नव्हे. केंटकी प्रांतांतील विल्यम स्टेप नांवाच्या फिडलवाल्यानें वाजविलेली ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ ही जुनी चाल १९३७ सालीं लोकगीतांच्या संग्राहकांनीं ध्वनिमुद्रित केली, रूथ क्रॉफर्ड सीगर या विदुषीनें ती स्वरलिपींत उतरली, व तेथून कोपलंडनें ती घेतली. पण घेऊन त्यानें तिला वाद्यवृंदाचें अंग दिलें. आमच्याकडील संगीत नाटकांतही हेंच घडलें. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’पासून (१८८२) नाटककारांनीं प्रचलित चालींवर पदें बांधिलीं, परंतु छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असें लिहून मूळ गाण्याचा निर्देश करण्याची रीत होती. ‘चाल’ हा एवढासा शब्द म्हणजे प्रामाणिकपणाची पावती आहे. आणि हीं पदें नाटकावांचून मैफलींत गाइलीं जातात व ऐकणारांस रंगभूमीची उणीव भासत नाहीं, हें आपल्या पालकांस ठाऊक आहेच. संगीत आपल्या मूळ प्रसंगाबाहेर जगूं शकतें, याचें याहून जवळचें प्रमाण नको.

तिसरी उसनवारी मजकुराची, म्हणजे दुसऱ्याचें सबंध उचलावें, कांहीं न बदलावें, व त्यावर आपलें नांव घालावें. तिला आमच्याजवळ गुण नाहींत.

मग हॉर्नर कोठें बसतात? आमच्या मतें बहुतांशीं पहिल्या प्रकारांत, आणि कांहीं जागीं दुसऱ्याच्या इतके जवळ कीं गुण कापणें भाग आहे. ‘हेडिन आउट वेस्ट’ला आम्हीं आनंदासाठीं पुरे गुण दिले व नवेपणासाठीं निम्मे. शून्य मात्र नव्हे. कारण तो तुकडा उसन्या भाषेंत बोलत असला तरी वाक्य स्वतःचें बोलतो.

राहिला तो निबंध. पुन्हा वाचतांना आम्हांस त्यांत तीन ओळी आढळल्या, ज्या कोणत्याच मार्गदर्शकांत नव्हत्या. गळक्या छपराखालीं आईनें भांडीं मांडलीं, व प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा येत होता, असें त्यांत लिहिलें होतें. जूनमध्यें आमच्या तांबड्या शाईनें त्याही ओळी झांकून टाकिल्या होत्या. आम्हीं वर्गासमक्ष म्हटलें, “उतरलेल्या मजकुरास दिलेलें शून्य कायम आहे. पण या तीन ओळी आमच्या नजरेंतून निसटल्या, ती चूक आमची. या ओळींपासून आरंभ करून निबंध पुन्हा लिहून आण.” त्यानें तो आणिला. वर्गांत तो सर्वांत उत्तम ठरला असें नाहीं. पण तो त्याचा होता, व त्यास मिळालेले गुणही त्याचेच होते.

निकाल

चारही कसोट्या लावून मुलांनीं जो निकाल दिला, त्यास आमची संमति आहे. आरंभीची ‘ओव्हर्चर’, ‘ग्रीन रिव्हर’ व शेवटचा ‘अ न्यू लँड’ हे तुकडे चित्रावांचून उभे राहतात. ‘हेडिन आउट वेस्ट’ उभा राहतो, पण त्याच्या खांद्यावर कोपलंडचा हात दिसतो. अखेरच्या झुंजीचा ‘शूट-आउट’ मधल्या पायरीवर आहे. त्यांतील सूर धरून ठेवितात, सांधे मात्र पडद्याची वाट पाहतात. ‘कॅट रंबल’ चित्राशिवाय तग धरीत नाहीं. सबंध तबकडी एका बैठकींत ऐकणारास मधलीं गीतें थोडी अडवितात, तरी शेवटीं पुन्हा ऐकावेसें वाटतें.

मात्र एक सावधगिरी हवी. जो तुकडा एकटा उभा राहत नाहीं, तो वाईट, असें कोणीं समजूं नये. फाळाचें काम जमीन नांगरणें. भिंतीवर तो शोभला नाहीं म्हणून लोहाराचा दोष नव्हे. उलट, एकटें उभें राहण्याचें यश दुर्मीळ असतें. रोसिनी यांचें ‘विल्यम टेल’ हें संगीतनाटक १८२९ सालचें. सबंध नाटक आज क्वचितच होतें, परंतु त्याची ओव्हर्चर जगभर वाजते. सर्गेई प्रोकोफिएफ यांनीं १९३८ सालच्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ या चित्रपटाचें संगीत दुसऱ्याच वर्षीं गायकवृंदासह सभागृहांत वाजविण्याजोगें पुन्हा रचिलें. ‘पुन्हा रचिलें’ हे शब्द ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. पडद्यावरून सभागृहांत येतांना त्यांनाही सांधे नव्यानें बसवावे लागले.

पालकांस दोन शब्द

आज प्रत्येक घरीं मोबाइलवर हवें तें संगीत हवें तेव्हां ऐकतां येतें. पण तें बहुधा चित्रासह, अथवा दुसरें काम करीत असतां. आठवड्यांतून एकदां पंधरा मिनिटें पडदा पालथा ठेवून मुलांबरोबर एकच तुकडा ऐकावा, व मग त्यांस काय ऐकूं आलें तें विचारावें. आपलें मत आधीं सांगूं नये. आम्ही जून महिन्यांत जें चुकलों, तें आपण टाळावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एखादा चित्रपट आधीं न पाहतां त्याचा एक वाद्यतुकडा ऐका व मनांत आलेलें चित्र पांच ओळींत लिहा. मग चित्रपट पाहून ताडा.

२. तंबोऱ्यावर अथवा बाजाच्या पेटीवर षड्ज-पंचम व षड्ज-गंधार हीं अंतरें ऐका. कोणतें अधिक मोकळें वाटतें? कां?

३. तुमच्या माहितीचें एक गाणें सांगा, ज्याची चाल दुसरीकडून घेतली आहे. घेणारानें तींत स्वतःचें काय घातलें?

४. तुमच्या मागील निबंधांत खरोखर तुमच्याच अशा ओळी किती आहेत? त्यांखालीं पेन्सिलीनें रेघ ओढा. ही वही आम्हांस दाखविण्याची आवश्यकता नाहीं.